बारक्याची जोड कोण लावतंय?

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी दापोडीत राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मूळ गाव जुन्नर तालुक्यात. वडील नाहीत. धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा, सहा फूट दोन इंच, १०४ किलो. घरात त्याला अजून बारक्याच म्हणतात. सतराव्या वर्षापर्यंत तालमीत होता, मग बॉक्सिंगकडे वळला. १९ लढती, त्यांतल्या १४ जिंकल्या. राज्य स्पर्धेत एक सुवर्ण, एक रौप्य. खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीचा अर्ज भरला आहे.

आता एका मॅनेजरने त्याला पाच आठवड्यांनी बँकॉकला प्रोफेशनल लढत देऊ केली आहे. सहा फेऱ्या, दीड हजार डॉलर. समोरचा ११८ किलोचा, ११ पैकी ११ जिंकलेला, त्यांत १० नॉकआउट. तीन वर्षांचा करार, मॅनेजरला ३० टक्के. लढतीआधी तिथेच ‘कॅम्प’ आहे, त्याचे दोन लाख आपण भरायचे. बारक्या म्हणतो, ताई, तुझी एफडी मोड, वर्षात दुप्पट करून देतो. अँडी रुईझचे व्हिडिओ दाखवत बसतो.

गेल्या महिन्यात स्पारिंगहून (सरावाच्या लढतीहून) आला, जेवला नाही, रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी म्हणाला, काही नाही, ऊन लागलं. आईला यातलं काहीच माहीत नाही. ती त्याची बँडेजं धुऊन गॅलरीत वाळत घालते, तिला वाटतं सगळं भरतीसाठी चाललंय. एफडी मोडू का? आईला सांगू का?

एक बहीण, दापोडी

उत्तर

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि तिसरा मधल्या एका ओळीत दडवून ठेवलाय. मी तिथूनच सुरू करतो. डोक्यावर मार खाऊन आलेला माणूस जेवत नाही आणि रात्री दोनदा ओकतो, याला ऊन लागणं म्हणत नाहीत. महिना उलटला असला तरी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. ससूनला न्या, नाहीतर ओळखीत कुणी असतील त्यांच्याकडे, पण ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगून गोळी घेऊन परतू नका. स्पारिंग झालं होतं, त्याच रात्री उलट्या झाल्या, हे तुम्ही सांगा. तो सांगणार नाही. डॉक्टर लेखी देत नाहीत तोवर स्पारिंग बंद, पळणं आणि बॅग मारणंसुद्धा त्यांना विचारून. मधल्या काळात डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली किंवा झोपेतून नीट उठवता येईना, तर सकाळची वाट बघू नका.

मागोमेद अब्दुसलामोव हे नाव बारक्याला माहीत असेल. रशियन हेवीवेट, १८ पैकी १८ जिंकलेला, अठराही नॉकआउट. २ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो माइक पेरेझशी दहा फेऱ्या लढला. हरला, पण शेवटच्या घंटेला स्वतःच्या पायांवर उभा होता. नंतर डोकं दुखायला लागलं, लघवीतून रक्त गेलं. रुग्णवाहिका मिळाली नाही. त्याच्या माणसांनी बाहेर येऊन टॅक्सी बघितली आणि तिथंच त्याला उलटी झाली. मेंदूत रक्ताची गुठळी होती. जीव वाचला, पण पूर्वीचं चालणं-बोलणं परत आलं नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं २.२ कोटी डॉलर देऊन त्याच्या कुटुंबाचा दावा मिटवला. बॉक्सिंगच्या जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉलमध्ये हे झालं. तुमच्याकडच्या करारात रुग्णवाहिकेबद्दल एक तरी ओळ आहे का, बघून ठेवा.

आता मी कोण हे बोलणारा, तर सांगतो. कॉलेजात मी ५४ किलोत लढायचो. तीन लढती, तीन पराभव. तेवढ्यावर शहाणपण आलं आणि पुढची बरीच वर्षं रिंगच्या बाहेर टेबलापाशी बसून गुण देत काढली. हलक्या गटातला ठोसा कानाला ऐकू येतो, चामड्यावर चामडं आपटल्यासारखा. हेवीवेटचा ठोसा टेबलातून कळतो. पाण्याचा ग्लास हलतो. एका निमंत्रितांच्या स्पर्धेत (नाव नको, माणसं अजून भेटतात) असाच एक थोराड पोरगा पहिल्या फेरीत कानशिलावर एक खाऊन कोपऱ्यात येऊन बसला. मी जवळच होतो. सेकंडनं, म्हणजे कोपऱ्यातल्या मदतनिसानं, तोंडात पाणी ओतलं, पोरानं थुंकलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, “आपली बाउट कधी हाये?” सेकंडला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. तो हसला आणि घंटेला त्यानं पोराला उठवून पुढं ढकललं. त्या हसण्याचा राग मला अजून येतो, आणि मी उठून रेफ्रीला खूण केली नाही याचाही.

तर एफडी. तुमचा भाऊ तालमीतला आहे, तेव्हा त्याच्याशी तालमीच्या भाषेत बोला. जत्रेच्या फडात जोड कोण लावतं? पंच लावतात, वस्ताद बघतो. वजन, उंची, कुणी किती कुस्त्या मारल्यात ते बघून. पहिल्यांदा लंगोट कसलेल्या पोराची आणि दहा मैदानं मारलेल्या पैलवानाची जोड कुणी लावायला निघालं, तर भोवतीची माणसंच ओरडतात, ही जोड बसत नाही म्हणून. इथं मात्र पदार्पण करणाऱ्या पोरासमोर ११ लढतींत १० जणांना आडवं केलेला, १४ किलोनं जड माणूस उभा करतायत, आणि ओरडायला कुणी नाही. बारक्याला त्याच्या वस्तादापुढं हा कागद ठेवायला सांगा आणि म्हणावं, वस्ताद, ही जोड तुम्ही लावली असती का?

प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये दोन कोपरे असतात, नियमाच्या पुस्तकात सारखे आणि व्यवहारात वेगळे. एक घरचा. तिकिटं त्याच्या नावावर खपतात, प्रमोटरचा पैसा त्याच्यावर लागलेला असतो. दुसरा बाहेरून आणलेल्याचा. घरच्याच्या नावापुढं ‘१२-०, ११ नॉकआउट’ असं लागायला हवं असतं, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला मोठी लढत मिळते. त्या बाराव्या आकड्यासाठी धडधाकट दिसणारा, वजनकाट्यावर शोभणारा, पासपोर्ट असलेला आणि फारसा अनुभव नसलेला एक माणूस लागतो. तुमच्या पत्रातलं वर्णन पुन्हा वाचा. ताई, त्याला लढायला नाही, हरायला बोलावलंय. आणि त्याचा खर्च तुमच्याकडून घेतायत.

सहा फेऱ्यांवरूनच मला वास आला. नवा प्रोफेशनल साधारण चार फेऱ्यांपासून सुरू होतो. बारक्यानं आजवर तीन फेऱ्यांच्याच लढती केल्यात, म्हणजे हे एकदम दुप्पट. हातातले ग्लव्हजही बदलणार. हौशीत वरच्या वजनगटांना १२ औंसाचे असतात, प्रोफेशनलमध्ये हेवीवेटला १० औंसाचे. गादी कमी, हाड जवळ. शिवाय बाकीच्या गटांत समोरचा तुमच्याहून फार जड असूच शकत नाही, काटा अडवतो. हेवीवेट २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या वर सुरू होतो आणि वर छप्परच नाही. २००९ मध्ये डेव्हिड हे आणि निकोलाय वालुएव लढले तेव्हा वालुएव सुमारे ४५ किलोंनी जड होता. बारक्या लगेच म्हणेल, डेव्हिड हे जिंकला की! जिंकला. पण तो क्रूझरवेटचा, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचा, जगज्जेता होऊन वर आलेला होता, दापोडीहून थेट गेलेला नव्हता.

हरण्याचाही व्यवसाय असतो, आणि तो वाईट असतो असं मी म्हणणार नाही. बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० प्रोफेशनल लढती लढला आणि त्यांतल्या २५६ हरला. नव्या पोरांना चार-सहा फेऱ्यांचा सराव द्यायचा, स्वतःला फार लागू द्यायचं नाही, पाकीट घ्यायचं, पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावी. पण तो हलक्या वजनाचा आणि बचावातला पक्का. हेवीवेटमध्ये हा धंदा असा चालत नाही, कारण चुकून बसलेला एकच ठोसा वर्षभराचा हिशेब करून टाकतो. अमेरिकेतला चक वेपनर दारू विकणारा सेल्समन होता आणि अवघड लढतींना बोलावलं जाणारा हेवीवेट. १९७५ मध्ये तो मुहम्मद अलीशी पंधराव्या फेरीपर्यंत टिकला, त्याचं जगभर नाव झालं. त्या नावाआधी त्याच्या चेहऱ्यावर किती टाके पडले होते, ते कुणी फारसं सांगत नाही.

अँडी रुईझचं आता बघू, कारण तुमच्या घरात तो रोज येतो. जून २०१९, अँथनी जोशुआचा मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकला, रुईझला थोडक्या आठवड्यांच्या बोलीवर घेतलं आणि त्यानं सातव्या फेरीत जोशुआला संपवलं. व्हिडिओत एवढंच दिसतं. तेव्हा रुईझच्या नावावर ३३ प्रोफेशनल लढती होत्या आणि त्यांत पराभव फक्त एक, हौशी लढती शंभरावर होत्या, आणि जेमतेम सहा आठवड्यांपूर्वीच तो एक लढत जिंकलेला होता. पोटाचा घेर बघून पोरांना वाटतं हा आपल्यातलाच. पुढचा व्हिडिओ बारक्या बघतो का विचारा. त्याच डिसेंबरची परतीची लढत, सहा-सात किलो वाढवून आलेला तोच रुईझ, आणि जोशुआनं गुणांवर काढून घेतलेला पट्टा.

बारक्याला दाखवायचाच असेल तर झँग झिलेई दाखवा. चीनचा हेवीवेट. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकचं रौप्य, तरी प्रोफेशनल झाला २०१४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. एप्रिल २०२३ मध्ये चाळिशीच्या तोंडावर त्यानं लंडनला जो जॉइसला हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा अंतरिम किताब घेतला. जॉर्ज फोरमन तर दहा वर्षं रिंग सोडून प्रवचनं करत होता. १९८७ मध्ये परतला आणि १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. हलक्या वजनात वेग गेला की खेळ जातो, हेवीवेटचं अंग उशिरा भरतं आणि ठोसा शेवटपर्यंत साथ देतो. तेवीस म्हणजे या गटात पोरसवदा वय आहे. पाच आठवडे ही घाई बारक्याची नाहीये, त्या हॉलची तारीख ठरलेली आहे त्याची आहे.

त्याच्या पदकांबद्दल एक कडू गोष्ट, राग मानू नका. आपल्याकडे सगळ्यात वरच्या वजनगटात पोरंच कमी येतात. राज्य स्पर्धेला चार-पाच नावं, त्यातलं एक ऐनवेळी गैरहजर. दोन बाउट मारल्या की सुवर्ण. मी स्वतः टेबलावर बसून अशी सुवर्णं लिहिली आहेत. याचा अर्थ बारक्या कच्चा आहे असा नाही, त्याची परीक्षा अजून झालेली नाही एवढाच. ती इथंच होऊ शकते. मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीला स्पर्धा होत असतात. सेनादलाच्या पोरांशी पाच-सहा बाउट झाल्या की त्याला स्वतःलाच कळेल तो कुठं आहे, आणि त्यासाठी एफडी लागत नाही.

पैशांचा हिशेब तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हीच करा. १५०० मधून मॅनेजरचे ३० टक्के, ४५० गेले. ट्रेनरचे प्रथेप्रमाणे दहा टक्के, १५० गेले. उरले ९००. पाऊण लाखाच्या आसपास. त्यासाठी आधी दोन लाख भरायचे. बारक्याच्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा कोच हवा असेल तर त्याचं विमान वेगळं. टुरिस्ट व्हिसावर जायचं सांगतायत की काम करण्याच्या परवानगीवर, विमा कोण काढतंय, एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी कोण मागतंय, हेही विचारा. नीट चालणाऱ्या ठिकाणी एचआयव्ही, हिपॅटायटिस, डोळे, मेंदू, सगळ्याचे कागद मागतात. जिथं काहीच मागत नाहीत तिथं सोय आहे असं पोरांना वाटतं.

आणि पैसा आला तरी तो राहतो असं नाही. जो लुईनं २५ वेळा जगज्जेतेपद राखलं आणि नंतरची वर्षं करखात्याचं देणं फेडत, लास व्हेगासच्या हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करत काढली. माइक टायसननं ३० कोटी डॉलरच्या घरात कमावले म्हणतात, २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पण अमेरिकेचं सोडा. आपला कौर सिंग बघा. पंजाबचा शेतकऱ्याचा मुलगा, लष्करातला जवान. १९८० मध्ये मुहम्मद अली भारतात आला तेव्हा दिल्लीत त्याच्यासमोर प्रदर्शनीय लढतीत उभा राहिलेला हेवीवेट तो. १९८२ ला दिल्लीच्याच आशियाई खेळांत सुवर्ण. अर्जुन, पद्मश्री. उतारवयात गावी शेती करत होता, हृदयाच्या उपचारासाठी कर्ज काढावं लागलं, बातम्या झाल्या तेव्हा लष्करानं मदत पाठवली. २०२३ मध्ये गेला. अलीसमोर उभं राहिल्याचा फोटो कर्जाला तारण चालत नाही, पण लष्करात काढलेली वर्षं निदान कुणालातरी आठवली.

म्हणून तो भरतीचा अर्ज. सतीश कुमारचं उदाहरण बारक्यापुढं ठेवा, तो त्याच्याच वजनाचा आहे. भारताचा ऑलिंपिकला गेलेला पहिला सुपर हेवीवेट (हौशीतला सगळ्यात वरचा गट). टोकियोत पहिल्या लढतीत चेहऱ्याला तेरा टाके पडले, ते घेऊन तो जगज्जेत्या जलोलोवसमोर उतरला. हरला. आणि दुसऱ्या दिवशीही तो लष्करातला सुभेदार होता. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. ती झाली का, आधी विचारा. पोरं ठोसे मोजतात आणि कागद विसरतात. नोकरी लागल्यावर मात्र पैसे घेऊन बाहेर लढायचं तर खात्याची परवानगी लागते. २०१५ मध्ये विजेंदर सिंग प्रोफेशनल झाला तेव्हा हरियाणा पोलिसांतल्या त्याच्या नोकरीवरून चर्चा झालीच होती. तीन वर्षांच्या करारावर आज सही आणि सहा महिन्यांनी भरतीचं पत्र, असं झालं तर एक पाय कुठला काढायचा?

एफडी मोडू नका. पण ‘नाही’ म्हणून दार लावूनही घेऊ नका, तो मित्रांकडून उचलेल आणि तुम्हाला बँकॉकहून फोन येईल. त्याच्या शेजारी बसून मॅनेजरला एक मेसेज पाठवा: “बारक्या लढायला तयार आहे. चार फेऱ्या, तीनपेक्षा कमी लढतींचा प्रतिस्पर्धी, करार एकाच लढतीचा, कॅम्पचे पैसे आम्ही भरणार नाही, विमा आणि रुग्णवाहिका लेखी हवी, कोपऱ्यात आमचा कोच.” उत्तर काय येतं ते बारक्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्या. बॉक्सरेकवर (लढतींच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) त्या प्रमोटरचे मागचे कार्यक्रमही काढायला सांगा आणि बाहेरून आणलेल्या माणसांच्या नावापुढं काय लिहिलंय ते एकेक मोठ्यानं वाचायला लावा. सगळ्या अटी मान्य झाल्या आणि डॉक्टरांनीही हिरवा कंदील दिला, तर मला पुन्हा लिहा. मग माझाही विचार बदलेल. हा खेळ मला आवडतो, नाहीतर तीन पराभव खाऊन कुणी तिथं बसून राहतं का?

राहिली आई. बँडेजं ती धुते म्हणता. साडेचार मीटरची ती पट्टी वळकटी होऊन येते ती घामानं आंबलेली, बोटांच्या पेरांशी तांबूस. तुम्हीच कधी नीट बघा, गॅलरीतली पांढरी स्वच्छ आहेत की नाही. असतील तर तिनं ती आधी गार पाण्यात भिजत घातली असणार. गरम पाण्यात रक्ताचा डाग बसतो, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. आज रात्री त्याचं ताट वाढून झालं की तिच्याजवळ बसा आणि त्या उलट्यांचंच आधी विचारा, तुला ऐकू आलं होतं का म्हणून.